आगोटीच्या यादीत एक लस

मे महिना अर्धा सरला की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. सुके बोंबील, सोडे, कांद्याच्या गोण्या, तांदूळ, निळ्या ताडपत्र्या, गमबूट. आगोटीची बेगमी करायची सवय या शहराच्या हाडीमाशी मुरलेली आहे. घोडबंदर रोडच्या टॉवरात राहायला गेलेलं घरसुद्धा पाऊस लागण्याआधी खिडक्यांच्या फटी आणि एसीचा पाइप एकदा बघून घेतं. फ्लूची लस त्याच यादीत, त्याच पंधरवड्यात बसते. पण ती तिथे क्वचितच दिसते, कारण लशीबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक युरोप-अमेरिकेतलं असतं, आणि तिथे सगळे ऑक्टोबरमध्ये दंड पुढे करतात.

त्यांचा फ्लू थंडीत येतो. आपला पावसाबरोबर येतो. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात जूनपासून रुग्ण वाढायला लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये दवाखान्यांबाहेर चपलांचा ढीग लागतो आणि सप्टेंबरनंतर जोर ओसरतो. जानेवारी ते मार्चमध्ये एक दुसरी, बहुधा लहान लाट येते. काश्मीरचं वेळापत्रक उलटं, तिथे मुख्य लाट हिवाळ्यातच. लस टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि सहा महिन्यांत ते बऱ्यापैकी उतरलेलं असतं. म्हणजे इंग्रजी लेख वाचून ऑक्टोबरमध्ये घेतलेली लस पुढच्या जुलैत, नेमकी हवी तेव्हा, थकलेली असते. ठाणे-नवी मुंबईकरासाठी योग्य काळ एप्रिलची अखेर ते मेची अखेर.

आता मोफत कोणाला, हे आधी बघून घ्यावं, कारण खिशात हात घालण्यापूर्वी ते माहीत असलेलं बरं. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात फ्लूची लस नाही. महाराष्ट्रात मात्र २०१५ पासून सरकारी यंत्रणेतून ती जोखमीच्या लोकांना दिली जाते: गरोदर स्त्रिया, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेले, आणि आरोग्य कर्मचारी. सक्ती नाही, ज्याला हवी त्याने घ्यायची. घरात यांपैकी कोणी असेल तर आधी महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावं. मोठ्या ठिकाणी विचारायचं तर ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. जाताना मधुमेहाची किंवा बीपीची फाइल, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि आधार कार्ड बरोबर ठेवावं. साठा नेहमीच असतो असं नाही, म्हणून बाबांना रिक्षात बसवण्याआधी चौकशी करावी. मोफतची लस म्हणजे दुय्यम लस, असं मात्र मनात आणू नये.

उरलेले सगळे, म्हणजे पस्तिशीतला आयटीवाला, पन्नाशीची शिक्षिका, तान्ह्या बाळाचा बाप, आजारी आईची शुश्रूषा करणारी मुलगी, या यादीच्या बाहेर. त्यांनी विकत घ्यायची. यात अन्याय वाटून घेण्यासारखं मला तरी फार काही दिसत नाही. साठा मर्यादित असेल तर तो आधी मधुमेह्यांना आणि गरोदर बायकांना जावा हेच रास्त. अडचण वेगळी आहे. सरकारी लसीकरणात वेळ कोणती, लस कोणत्या तापमानात ठेवायची, नोंद कुठे करायची, हे बघायला माणसं नेमलेली असतात. आपण मेडिकलच्या काउंटरवर पैसे मोजतो तेव्हा ही तिन्ही कामं आपल्याच अंगावर पडतात, आणि ती पडली आहेत हे कोणी सांगत नाही. काउंटरवर जी मिळेल ती घ्यायची, दंडावर टोचायची, मोकळं व्हायचं, अशी सर्वसाधारण रीत. दोन हजारांची वस्तू याहून जास्त चौकशीने घेतो आपण. मिक्सर घेताना पाहा.

चौकशीची सुरुवात खोक्यापासून करू. फ्लूची लस बहुधा आधीच भरलेल्या सिरिंजमध्ये येते. लांबट चपटं खोकं, आत प्लास्टिकच्या खाचेत बसवलेली काचेची सिरिंज, तिच्यात ०.५ मिली द्राव. खोक्याच्या कडेला बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत, एमआरपी. एवढं सगळे वाचतात. त्याच्याच आसपास बारीक अक्षरात हंगाम छापलेला असतो: 'सदर्न हेमिस्फिअर' आणि एक वर्ष, किंवा 'नॉर्दर्न हेमिस्फिअर' आणि जोडवर्ष. आणि त्याखाली विषाणूंची नावं. ही ओळ वाचायची.

विषाणू रूप बदलत राहतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीची घटना, म्हणजे तिच्यात कोणते विषाणू घालायचे ते, ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या पुढच्या वर्षासाठी. भारत नकाशावर उत्तर गोलार्धात असला तरी आपल्या पावसाळ्याला वेळेवर गाठते ती दक्षिणेची लस. सप्टेंबरात ठरलेली घटना कारखान्यातून निघून साधारण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या दुकानांत येते. उत्तरेची येते ती पाऊस संपता संपता.

नावं वाचायला सोपी आहेत. प्रकार, कुठे सापडला, नमुन्याचा क्रमांक, वर्ष. 'ए/क्रोएशिया/१०१३६आरव्ही/२०२३' म्हणजे ए प्रकारचा, क्रोएशियात २०२३ मध्ये मिळालेला नमुना. दक्षिणेच्या २०२५ च्या लशीत हा होता, शिवाय 'ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२' आणि 'बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१'. उत्तरेच्या २०२५-२६ च्या लशीतही हेच तिघे, त्यामुळे त्या वर्षी कोणत्या गोलार्धाचं खोकं हातात आलं याने फरक पडत नव्हता. पण दक्षिणेच्या २०२६ च्या लशीत तिघांपैकी दोन बदलले: 'ए/मिसुरी/११/२०२५' आणि 'ए/सिंगापूर/जीपी२०२३८/२०२४' आले, ऑस्ट्रियावाला बी तेवढा राहिला. अशा वर्षी मे महिन्यात दुकानदाराच्या फ्रीजमध्ये मागच्या हिवाळ्याचं खोकं पडून असेल तर त्याची मुदत संपलेली नसते, पण घटना जुनी झालेली असते. मुदत बघून समाधान मानणारे इथे फसतात. दुकानदार फसवत असतो असं नाही. त्याच्या लेखी मुदतीत असलेला माल हा चांगला माल.

तीन घटक की चार, हा दुसरा गोंधळ. दहा-बारा वर्षांपूर्वी चार घटकांची लस आली, तेव्हा ती तीनवाल्याहून सरस होती, कारण बी प्रकाराच्या दोन्ही वंशावळी, व्हिक्टोरिया आणि यामागाटा, तिच्यात होत्या. मार्च २०२० नंतर यामागाटा जगात कुठे खात्रीने सापडलेला नाही. कोविडच्या काळात मास्क लावून माणसं घरात बसली आणि हा गडी बहुधा कायमचा नामशेष झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की आता तो लशीत घालायची गरज नाही. तेव्हा चार घटकांची मिळाली तर बिनधास्त घ्यावी, तिने काही बिघडत नाही. पण तीन घटकांची स्वस्त मिळत असताना 'चारवाली भारी' म्हणून जास्त पैसे मोजायचं कारण उरलेलं नाही. आणि 'स्वाइन फ्लूची वेगळी लस द्या' असं अजूनही काउंटरवर मागितलं जातं. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला तेव्हापासून ती धास्ती बसली आहे. तो स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता दरवर्षी येणारा नेहमीचा फ्लू झाला आहे आणि त्याचा घटक याच लशीत असतो. वेगळी काही मागायची नाही.

लस शोधायची कुठे? आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे ती ठेवलेली असेलच असं नाही. पुष्कळ जण चिठ्ठी लिहून देतात आणि 'खालच्या मेडिकलमधून घेऊन या' म्हणतात. रोज लशी टोचणारा डॉक्टर म्हणजे बालरोगतज्ज्ञ. नौपाड्यात, वर्तकनगरात, नेरुळला, ऐरोलीत, कुठेही जा, मुलांच्या डॉक्टरकडे लशींसाठी राखीव फ्रीज असतो, माल फिरता असतो आणि हात सरावलेला असतो. मुलाला घेऊन गेलेल्या आईबाबांनी 'डॉक्टर, आम्हालाही द्याल का?' म्हटलं तर बरेचसे देतात. माझं मत विचाराल तर मोठ्या माणसानेही पहिली चौकशी इथेच करावी. नाही जमलं तर मोठ्या खाजगी रुग्णालयाची लसीकरणाची ओपीडी. मेडिकलमधून आणून दुसऱ्याकडे टोचून घेणं हा तिसरा पर्याय, तोही नीट सांभाळता आला तरच.

फोनवरचं संभाषण साधारण असं व्हावं:

'काका, फ्लूची लस आहे का? मोठ्या माणसासाठी.'

'आहे ना.'

'सदर्न आहे का यंदाची? खोक्यावर बघून सांगाल?'

इथे बहुधा दोन मिनिटं शांतता, मग फ्रीज उघडल्याचा आवाज. ज्याला हा प्रश्न कळतो त्याच्याकडे जावं. 'हो हो, सगळं सेमच असतं' म्हणणाऱ्याला धन्यवाद देऊन फोन ठेवावा. माल नसेल तर 'स्टॉकिस्टकडून संध्याकाळपर्यंत मागवतो' हे उत्तर उलट चांगलं, कारण मग लस दुकानात पडून राहिलेली नसते. दक्षिणेची लस कधी एप्रिलअखेर येते, कधी मे उलटतो. जूनचा पहिला आठवडा आला आणि ती अजून नाही, तर वाट बघत बसू नये. मुदतीतली जी मिळेल ती टोचून घ्यावी. अर्धवट जुळणारी लस पावसाआधी घेतलेली बरी, नेमकी जुळणारी ऑगस्टमध्ये घेण्यापेक्षा.

आता तापमान. यात बिघाड सर्वांत जास्त होतो आणि सर्वांत कमी दिसतो. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, उजेडापासून जपून. उष्णतेने तिची ताकद हळूहळू जाते. गोठली तर एका झटक्यात भरवसा संपतो. वितळल्यावर ती पुन्हा पूर्वीसारखीच दिसते आणि निकामी झाल्याची काही खूण राहत नाही. काही लशी गोठल्या होत्या का हे हलवून, गाळ कसा बसतो ते बघून ओळखता येतं, पण ती परीक्षा ॲल्युमिनियमयुक्त लशींची. फ्लूच्या नेहमीच्या लशीत ते नसतं, त्यामुळे इथे ती लागू पडत नाही. शंका आली तर फेकायची, एवढाच उपाय.

आपल्याकडे लोक उन्हाला घाबरतात आणि बर्फाला घाबरत नाहीत. मेच्या दुपारी पारा पस्तीसच्या वर, घाम धारांनी, मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत गाड्यांची रांग हलत नाही. म्हणून दुकानदार काळजीने डीप फ्रीझरमधला जेल पॅक काढतो, सिरिंजच्या खोक्याला रबरबँडने बांधतो आणि पिशवीत घालून देतो. तो पॅक उणे अठरा अंशांच्या आसपास असतो. खोक्याला चिकटून वीस मिनिटांत त्याने आतला अर्धा मिली गोठवला तर नवल नाही. लसीकरण मोहिमांतले कर्मचारी बर्फाचे पॅक कॅरिअरमध्ये, म्हणजे लशी नेण्याच्या गार डब्यात, भरण्याआधी बाहेर काढून ठेवतात, घाम फुटू देतात आणि कानाशी धरून हलवतात. आत पाणी डचमळल्याचा आवाज आला की मगच वापरतात. म्हणजे पॅक शून्याशी आलेला असतो, त्याच्या खाली नाही. घरूनही हे जमतं. थर्मासचा रुंद तोंडाचा डबा किंवा लहान आइसबॉक्स, त्यात असा डचमळणारा पॅक, त्यावर जाड टॉवेलची घडी, त्यावर खोकं. पॅक आणि खोकं एकमेकांना लागता कामा नयेत. आणि मेडिकलमधून निघालात की सरळ दवाखान्यात. वाटेत भाजी घ्यायची नाही. वेळ सकाळी नऊ-दहाची धरावी, ऊनही कमी आणि दवाखान्यात गर्दीही कमी.

'डॉक्टर संध्याकाळी आहेत, तोवर घरच्या फ्रीजमध्ये ठेवू' असं झालंच तर मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, डब्यात घालून ठेवावी. दारात नाही, तिथे दर उघडझापीला गरम हवा लागते. मागच्या भिंतीला टेकवून किंवा गार हवेच्या झरोक्यापुढेही नाही, तिथे घरच्या फ्रीजचं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. कोथिंबीर काळी पडून कडक होते ना, ती जागा. पण रात्रभर ठेवायची वेळ येऊ देऊ नये.

दवाखान्याचा फ्रीज नजरेने तपासता येतो आणि तेवढा उद्धटपणा करायला हरकत नाही. आत थर्मामीटर आहे का, दारावर सकाळ-संध्याकाळच्या तापमानाचा कागद आहे का, आणि लशींच्या शेजारी कोणाचा जेवणाचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या आहेत का. कागदावर गेल्या महिनाभर रोज नेमके '४' लिहिलेले दिसले तर कोणी तरी बसल्या जागी भरलेत असं समजावं. खरा पारा थोडा वरखाली होतोच. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी वीज दोन-चार तास बंद असते तेव्हा काय करता, हे विचारावं. 'इन्व्हर्टर आहे' किंवा 'फ्रीज उघडतच नाही' ही दोन्ही उत्तरं चालतात. 'वीज कुठे जाते आपल्याकडे' हे चालत नाही.

पैशांचं थोडक्यात. ब्रँडप्रमाणे एका सिरिंजची किंमत साधारण दीड ते अडीच हजारांच्या घरात जाते, टोचणावळ किंवा तपासणीची फी वेगळी. एमआरपीत कर धरलेले असतात, त्यामुळे लशीचे पैसे छापील किमतीहून जास्त होऊ नयेत. वरची रक्कम फी म्हणून वेगळी लिहून घ्यावी. बिल घ्यावंच, त्यावर बॅच नंबर आणि मुदत येते. बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात भरती झाल्यावरचा असतो, त्यात हे बसत नाही. ओपीडीची जोड घेतलेली असेल तर पॉलिसी उघडून पाहावी. चौघांच्या घराचे सात-आठ हजार सहज होतात. एकदम नसतील तर क्रम लावावा. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून त्याला हाताळणाऱ्यांनी आधी घ्यावी. मग साठीच्या वरचे आणि दम्याचे. धडधाकट तिशीतला माणूस शेवटी, मग तो कितीही कुरकुरो.

टोचून घ्यायच्या दिवशी सैल अर्ध्या बाह्या. घट्ट बाही खांद्यापर्यंत गुंडाळली की दंडाला आवळपट्टी बसते आणि टोचणारा जागा मिळेल तिथे, बहुधा फार वर किंवा फार खाली, टोचतो. जागा म्हणजे खांद्याच्या हाडाचं टोक हाताला लागतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या जाड भागात. फार वर टोचलं तर सुई सांध्याच्या पिशवीत जाऊन खांदा आठवडेच्या आठवडे दुखू शकतो. म्हणून टोचून घेणारा आणि टोचणारा दोघेही बसलेले असावेत. उभं राहून बसलेल्याला टोचलं की सुई हमखास वर जाते. सिरिंज फ्रीजमधून काढून हातात थोडी कोमट होऊ द्यायची, हलवायची, मग टोचायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं: बारीक सुई, आणि नंतर निदान दोन मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही. हात कोणता द्यायचा? ज्याने कामं करत नाही तो, असं सगळे सांगतात. ठाणे-वाशी लोकलला रोज लटकणाऱ्याने ज्या हाताने कडी धरतो तो सोडून दुसरा द्यावा. दुसऱ्या दिवशी कळतं.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होते तेव्हा बहुधा पहिल्या काही मिनिटांत, आणि तिथे ॲड्रेनालिन हाताशी लागतं. ज्याला या लशीच्या आधीच्या डोसने असं झालं आहे त्याने घेऊ नये. पूर्वी ही लस घेतल्यावर सहा आठवड्यांत गुईयाँ-बारे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार, झालेला असेल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. चांगला ताप असेल तर पुढे ढकलावी; नुसतं नाक वाहत असेल तर ढकलण्याची गरज नाही. बहुतेक फ्लूच्या लशींतला विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवून मग निष्क्रिय केलेला असतो. अंड्याची ॲलर्जी ही आता अडचण मानली जात नाही, तरी सांगून ठेवावं. ज्या घरांत अंडं वर्ज्य आहे त्यांना हे आधी कळलेलं बरं, खुर्चीत बसल्यावर नको. नाकात फवारण्याची लसही असते, पण तिच्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्यासाठी ती नाही.

मुलांचं गणित वेगळं आणि जरा कटकटीचं. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना दरवर्षी ही लस सुचवते. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतराने. पुढच्या वर्षापासून एकच. आता मागे मोजत या. शाळा जूनच्या मध्याला सुरू. त्याआधी दोन आठवडे संरक्षण तयार व्हायला, म्हणजे दुसरा डोस मेअखेर. त्याच्या चार आठवडे आधी पहिला, म्हणजे मे उजाडतानाच. आणि मे उजाडताना अर्धं ठाणं कोकणच्या गाडीत बसलेलं असतं. पहिला देऊन गावी जावं, आल्यावर दुसरा द्यावा. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, दुसऱ्याचा ब्रँड वेगळा असला तरी चालतो. तीन वर्षांखालच्या मुलाला काही ब्रँडचा अर्धा डोस असतो, काहींचा पूर्ण. अर्धा दिला तर उरलेला अर्धा फेकायचा. धाकट्या-थोरल्यात एक सिरिंज वाटून पैसे वाचवायची कल्पना कोणी मांडलीच तर तिथल्या तिथे हाणून पाडावी.

आणखी एक फसगत मुलांच्या कार्डावर होते. तिथे 'हिब' किंवा 'एच. इन्फ्लुएंझा बी' समोर तीन बरोबरच्या खुणा असतात आणि आईबाप निर्धास्त होतात. तो जिवाणू आहे, मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा. त्याची लस पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लशीत, दिलेली असते. फ्लूच्या विषाणूशी त्याचा संबंध नावापुरता.

मोठ्या संकुलांत हल्ली क्लबहाउसमध्ये शिबिर भरवतात. कल्पना उत्तम, घाऊक भावही थोडा कमी पडतो. तिथे बिघडतं ते असं: रांग लांब दिसली की मदत करायच्या उत्साहात कोणी तरी वीस सिरिंजा खोक्यांतून काढून टेबलावर ओळीने मांडून ठेवतं, आणि शेवटच्या माणसापर्यंत त्या तास-दीड तास पंख्याखाली पडून असतात. एका वेळी एकच बाहेर, कॅरिअरचं झाकण बंद, हे कमिटीतल्या एखाद्या खमक्या काकूंवर सोपवावं. डॉक्टर प्रत्यक्ष हजर हवेत, नुसता बॅनरवर फोटो पुरत नाही. वापरलेल्या सिरिंजा टोचणाऱ्यांनीच भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकून परत न्यायच्या; घंटागाडीच्या पिशवीत गेली की ती कचरा वेचणाऱ्याच्या तळहातात घुसते. घरी येऊन लस देणाऱ्या नर्सलाही हाच नियम. आणि शिबिराचा हिशेब मांडताना वॉचमन, सफाईवाले आणि लिफ्टमन यांचे डोस संकुलाच्या खर्चात धरावेत. घरकाम करणाऱ्या मावशी दिवसाला चार घरं करतात, त्यातल्या एका घरी ताप असेल तर उरलेल्या तिघांकडे तो कसा पोचतो हे सांगायला साथरोगतज्ज्ञ लागत नाही. त्यांना दोन हजार स्वतः खर्च करा म्हणणं आपल्याला शोभत नाही. ज्या घरांत त्या राबतात त्या घरांनी पाच-पाचशे काढले की भागतं.

लस घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो, कणकण येते, कधी बारीक ताप. पॅरासिटामॉल पुरते. निष्क्रिय विषाणूने फ्लू होत नाही. लशीनंतर आठवड्यात ज्यांना सणकून ताप येतो त्यांना तो बहुधा आधीच लागलेला असतो, किंवा दुसराच एखादा विषाणू असतो, पावसाळ्यात त्यांची कमी नाही. आणि लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. जुळणी चांगली असलेल्या वर्षी डॉक्टर गाठावा लागेल असा फ्लू होण्याची शक्यता ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, आणि झालाच तर रुग्णालयात भरती होण्याची पाळी कमी येते. शंभर टक्क्यांची अपेक्षा ठेवून घेतली तर पुढच्या वर्षी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडली जाते. ताप, खोकला, अंगदुखी एकदम चढली आणि घरात वयस्कर, गरोदर किंवा दम्याचं कोणी असेल तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावं. ओसेल्टामिव्हिर या फ्लूवरच्या औषधाचा फायदा पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त, आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीनेच.

सिरिंजवरचं स्टिकर सुटं निघत असेल तर ते कार्डावर लावून घ्यावं, नाहीतर ब्रँड, बॅच नंबर, मुदत आणि तारीख डॉक्टरांकडून लिहून सही घ्यावी आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. काही विपरीत घडलं तर सर्वांत आधी बॅच नंबरच विचारला जातो. तशी नोंद डॉक्टर करतातच, पण आपल्यालाही करता येते: औषधांच्या दुष्परिणामांसाठीचा सरकारी टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. पुढच्या वर्षाची आठवण मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये लावायची तर ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याची लावावी, यंदा टोचलेल्या तारखेची नाही.